चार नंबरला आवतण

फोनवर आवाज ऐकून गाडीचा दोष सांगायचा नाही, असा माझा नियम आहे. फोनमध्ये सगळ्याच गाड्या सर्दी झाल्यासारख्या बोलतात. पण पोळ्याच्या दिवशी सकाळी हरिओमने फोन लावला आणि मी "हॅलो" म्हणायच्या आत मोबाइल गो-कार्टच्या बुडाशी नेऊन धरला. अशी लांबलचक किंकाळी आली की माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

"बेल्ट घसरतोय," मी म्हणाले. नियम माझा, मोडायचा हक्कही माझाच.

"नवा बेल्ट टाकला मॅडम, तरी हेच. तुम्ही याच. दादा जेवत नाहीत."

बेल्टचा आणि हरिओमच्या वडिलांच्या जेवणाचा काय संबंध, हे विचारेपर्यंत फोन कटला होता.

हरिओम माझा विद्यार्थी. तंत्रनिकेतनात मी जन्मभर ऑटोमोबाइल शिकवलं, आधी लातूरला आणि मग नांदेडला. निवृत्तीच्या दिवशी मुलांनी मला काचेच्या फ्रेममध्ये बसवलेला एक जुना बेल्ट भेट दिला. तो दिवाणखान्यात टांगलाय. नवीन आलेले पाहुणे त्याला हात जोडतात आणि मी त्यांना अडवत नाही. पाठीमागे पोरं मला किरकिरबाई म्हणायची. गाडीची किरकिर ओळखते म्हणून म्हणत असावीत, असा माझा समज आहे आणि तो मला सोयीचा आहे.

ह्या हरिओमने नायगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या घरच्या रानात गो-कार्टचा ट्रॅक काढला. जुन्या टायरांच्या बुटक्या भिंती, पत्र्याची उघडी शेड, एक तिकिटाची खिडकी आणि आठ गाड्या. गाड्या लातूरजवळच्या एका बंद पडलेल्या बागेतून आणलेल्या. त्यांना इंजिनं स्कूटरचीच बसवलेली. म्हणजे गिअरची भानगड नाही. इंजिन बेल्ट फिरवतं, बेल्ट क्लच फिरवतो आणि क्लच चाकाला ओढतो. माझ्या स्कूटरमध्ये हुबेहूब हेच आहे, बेल्टचं मापसुद्धा एकच. हे आताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळा घोटाळा त्यावरून झाला.

मी स्कूटरवर निघाले. एसटीत बसले की ड्रायव्हरला तुमचं बेअरिंग गेलंय असं सांगावंसं वाटतं आणि सांगितलं की भांडण होतं. रस्त्याला जागोजागी बैल धुणं चाललं होतं. कुठे शिंगांना रंग, कुठे बेगड, कुठे पाठीवर झूल. दोन्ही अंगांना सोयाबीन गुडघ्याएवढं उभं होतं. दिवस अगदी स्वच्छ होता आणि माझी स्कूटर नेहमीसारखी गप्प चालली होती.

ट्रॅकवर पोचले तर लिंबाखाली बाजेवर रामकिशनदादा बसलेले. हरिओमचे वडील. उंच, वाळलेला माणूस, धोतर आणि वर स्वेटर. नजर समोरच्या शेडमधल्या लाल, चार नंबरच्या गाडीवर लागलेली. बाजूला हरिओमची आई सिंधुबाई झाकलेलं ताट घेऊन उभ्या होत्या. ताटातून पुरणाचा वास येत होता.

"सकाळी साखरेची गोळी घेतली त्यांनी," त्या मला म्हणाल्या, "आन् तवापासून पोटात कण न्हाई. डॉक्टर फोनवर वरडून राहिला. तुम्ही तरी सांगा बाई."

मी सांगणार कसं? मला अजून काहीच कळलं नव्हतं. म्हणून मला जे कळतं ते केलं. चार नंबरपाशी बसले आणि बेल्टचं झाकण उघडलं.

आत सगळं पिवळं होतं. पुली पिवळी, क्लच पिवळा, हरिओमने टाकलेला नवाकोरा बेल्ट पिवळा. बोट लावून वास घेतला. हळद आणि तूप. साजूक.

"हे कुणी केलं?"

"म्या," रामकिशनदादा बाजेवरून म्हणाले. "काल खांदेमळणी केली."

मी शहरातली. आमच्याकडे पोळ्याला मातीच्या बैलजोडीला कुंकू लावतात आणि संपलं. इथे तसं नसतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळायचे आणि कानापाशी वाकून आवतण द्यायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मग पोळ्याला पहिला घास बैलाचा. तो जेवल्याशिवाय घरचा माणूस जेवत नाही.

दादांकडे लाल कंधारी जोडी होती, पवळ्या आणि हिऱ्या. पवळ्या डाव्या अंगाला चालायचा, हिऱ्या उजव्या. ट्रॅक झाला तेव्हा हरिओमने ती बाजारात विकली. गेल्या पोळ्याला सिंधुबाईंनी मातीचे बैल मांडले. दादा म्हणाले, मातीला कसली भूक, आणि उठून गेले. यंदा त्यांनी पोराला साधेपणाने विचारलं, गाडीला ओढतं कोण? पोरगा माझा विद्यार्थी. त्याने झाकण उघडून बेल्ट आणि क्लच व्यवस्थित समजावून सांगितला.

"मला वाटलं, दादांना धंद्यात इंटरेस्ट आला," हरिओम म्हणाला. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

खांदा कुठे ते कळल्यावर दादांनी काल संध्याकाळी चार नंबरचा खांदा मळला. चारच का, तर ती लाल आहे आणि चालताना डाव्या अंगाला ओढते. मग आवतण दिलं. आज सकाळी गाडी चालू केली तर ती ओरडायला लागली.

"पाव्हणा भुकेनं वरडून राहिला," दादा म्हणाले, "आन् म्या जेवू?"

"दादा, तो बेल्ट घसरल्याचा आवाज आहे. तुपाने घसरतो."

"आसंल. तुम्ही शिकलेल्या. त्याचा आवाज बंद करा, म्या लगेच जेवतो. पर इंजिन बंद करून न्हाई. ते तोंड बांधल्यावाणी होतं."

अट न्याय्य होती. शिवाय मनातून मला आनंदच झाला होता. माणूस उपाशी, औषध एक बेल्ट आणि डॉक्टर मी. असा योग कितीदा येतो?

आधी हरिओमला दोन शब्द सुनावले. तुपात नवा बेल्ट टाकल्यावर तो धावणार कसा, तळला जाईल. मग थिनरने सगळं धुतलं. पुलीवर आणि क्लचच्या आतल्या पट्ट्यांवर पॉलिश पेपर मारला. तो पिवळा बेल्टही रगडून धुतला. दादा बघत होते. त्यांच्या हळदीचा लगदा मी चिंधीने पुसून टाकला तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि मला फार वाईट वाटलं. पण तूप ते तूप.

इंजिन चालू केलं. किंकाळी गेली.

हरिओम टाळी वाजवणार तोच दुसरा आवाज आला. ठण. जरा थांबून पुन्हा ठण. मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक झाकणाला लावलं आणि मूठ कानाला. आमचा स्टेथोस्कोप हाच. क्लचच्या स्प्रिंगा सैल झाल्या की पट्ट्या मधूनच बाहेरच्या वाटीला थडकतात. अगदी पुस्तकातला दोष. फक्त पुस्तकातला आवाज खडखड असतो आणि हा बैलाच्या गळ्यातल्या घंटेसारखा होता, संथ, मान हलवल्यावर वाजते तसा. पिशवीतल्या नव्या स्प्रिंगा टाकल्या आणि तोही गेला.

"आता मी एक चक्कर मारून दाखवते," म्हणाले आणि बसले. साठीतली बाई, साडी खोचून, डोक्यावर लहान मुलांचं हेल्मेट. सिंधुबाईसुद्धा हसल्या. पहिलं वळण छान घेतलं. दुसऱ्या वळणावर स्टेअरिंग माझ्या हातात हळूहळू डावीकडे फिरलं. मी उजवीकडे ओढलं. ते माझ्यापेक्षा जोरात फिरलं, भांडण न करता, अगदी सवयीने. टायरांच्या फटीतून गाडी बाहेर पडली. माझा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. ती रमतगमत तिकिटाच्या खिडकीपाशी गेली आणि खिडकीखालच्या फळीला नाकाने दोनदा ढुसणी देऊन थांबली.

खिडकीत हरिओमची बायको साक्षी बसली होती.

"आला का पुन्हा? चल, हट!" ती म्हणाली, आणि मला बघून ओशाळली. "म्हणजे मॅडम, सकाळपासून हेच चालू आहे हिचं."

"तिकीट काढायला येत असेल," मी म्हणाले. विनोद जमला नाही. "हे काउंटर कधी बांधलं?"

"ट्रॅकसोबतच. आधी इथं गव्हाण होती. बैलांची."

मी खाली उतरून टायरमधली हवा पाहिली, चाकांची रेषा दोरीने पाहिली, इंजिनाचा वेग कमी केला. चाकं सरळ होती आणि हवा सारखी होती. मला भीती वाटली नाही, हे स्पष्ट सांगते. मला राग आला. जन्मभर मी पोरांना शिकवलं की गाडी खोटं बोलत नाही, आणि ही लाल डबी माझ्या तोंडावर बोलत होती.

गाडी शेडमध्ये ढकलून आणली, इंजिन बंद केलं आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. झाकणाच्या फटीतून एक लांब, ऊन श्वास माझ्या मनगटावर आला. त्याला ओल्या कडब्याचा वास होता.

थिनरने डोकं हलकं होतं. मी उठून तोंड धुऊन आले.

तोवर ऊन कलायला लागलं होतं. रामकिशनदादांच्या कपाळावर घाम जमला होता आणि पाठ लिंबाच्या बुंध्याला टेकली होती. सिंधुबाईंनी त्यांच्या तळव्यावर साखर ठेवली. त्यांनी मूठ मिटून घेतली.

"अहो, जीव जाईल तुमचा!"

"इकायला न्हेलं तवा पवळ्यानं मागं वळून बघितलं, सिंधु," दादा म्हणाले. "आता बोलावल्यावर आला. आवाज बसला, पर भुकेनं गव्हाण हुडकून राहिला. त्याच्या पुढं म्या खाऊ?"

हरिओम मान खाली घालून उभा होता. मला रडू येईलसं वाटलं, म्हणून मी त्याच्यावर ओरडले, "पाना दे!"

शेवटचा उपाय उरला होता. कुठलाही दोष सापडेना की आम्ही भागांची अदलाबदल करतो. बिघडलेल्या गाडीचा भाग चांगल्या गाडीत टाकायचा, चांगलीचा बिघडलेल्या गाडीत. दोष भागासोबत गेला तर भाग वाईट, मागे राहिला तर गाडी वाईट. यात चूक होऊच शकत नाही. पाय न लावता गाडी ओढली गेली, म्हणजे पहिला संशय बेल्टवर. माझी स्कूटर घेऊन आले आणि चार नंबरच्या उजव्या अंगाला लावली, कारण तिकडेच सावली होती. तिचा बेल्ट चार नंबरमध्ये टाकला. चार नंबरचा, तो हळदीचा डाग राहिलेला, माझ्या स्कूटरमध्ये. दोन्ही झाकणं मीच घट्ट केली.

चार नंबर चालू केली. किंकाळी, सकाळसारखीच.

"म्हणजे बेल्ट वाईट नाही," मी हरिओमला म्हणाले. मला बरं वाटलं. आता क्लच पकडता येणार होता. एक रीत म्हणून स्कूटरलाही स्टार्टर मारला.

तीही ओरडली.

आवाज भागासोबत गेलाही होता आणि मागे राहिलाही होता. असं होत नाही. मी पुन्हा ऐकलं. दोन्ही एकदम ओरडत नव्हत्या. चार नंबर ओरडून थांबायची, मग स्कूटर. स्कूटर थांबली की चार नंबर.

मी चार नंबरचं इंजिन बंद केलं.

ती ओरडली.

स्कूटरची किल्ली काढून मुठीत धरली. स्कूटरने तिला उत्तर दिलं, हळू, घशातून.

मग दोन्ही एकदम गप्प झाल्या.

रामकिशनदादा बाजेवरून उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला बघवेना.

"सिंधु," ते म्हणाले, "अजून एक ताट आण."

सिंधुबाई हातातल्या ताटाकडे बघत राहिल्या. "खरंच की वं माय," त्या पुटपुटल्या. "त्यो एकला कवा जेवत व्हता? हिऱ्या शेजारी असल्याबिगर तोंड लावीत न्हवता." आणि पदर सावरत घराकडे पळाल्या.

दोन पितळी ताटं आली. पुरणपोळी, वर तूप. एक चार नंबरपुढे ठेवलं, एक माझ्या स्कूटरपुढे. माणूस जेवणार असेल तर ताट ट्रकपुढे ठेवायलाही माझी हरकत नव्हती.

त्याच वेळी रस्त्यावरून हलगी वाजवत गावचे बैल मारुतीकडे निघाले. झुली, गोंडे, पोरांचा गलका. आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मीसुद्धा पाहिलं, याचा मला अजून राग येतो. शेवटची जोडी पुढे जाईपर्यंत पाहिलं आणि मग वळले.

दोन्ही ताटं रिकामी होती. पितळ ओलं होतं आणि काठापर्यंत चकचकीत.

मी कुत्रा शोधला. तो काउंटरमागे साखळीला बांधलेला, झोपलेला होता. त्याचं तोंड हुंगून पाहिलं, ते त्याला आवडलं नाही. कावळे म्हणाल तर कावळा ताट असं चाटत नाही. दोन्ही गाड्या चालू करून पाहिल्या. दोन्ही अशा गप्प चालल्या की इंजिनावर हात ठेवून खात्री करावी लागली.

आणि रामकिशनदादा जेवले. आधी मुठीतली साखर खाल्ली, मग पोळीवर पोळी. सिंधुबाई वाढताना रडत होत्या, हरिओम हसत होता. मीही बऱ्यापैकी जेवले.

निघताना हरिओमने विचारलं, बेल्ट परत बदलायचे का? गाडी नीट चालत असेल तर तिला हात लावायचा नाही, हाही माझा नियम आहे. शिवाय पुरणपोळीवर खाली वाकवतही नव्हतं.

दादा स्कूटरपाशी आले. आरशाजवळ वाकून काहीतरी बोलले, मग माझ्याकडे वळले. "बाई, आजच्या दिस ठेवून जावा हिला. जोडी हाय. एकमेकाबिगर ऱ्हात न्हाईत."

"दादा, मग मी काय एसटीने जाऊ?"

त्यांनी वाद घातला नाही. "जावा," म्हणाले. "पवळ्याला वाट ठावं न्हाई, पर येईल मागं हुडकत."

दिवेलागणीला नांदेडला पोचले. वाटेत स्कूटरने कसला आवाज केला नाही. फक्त जिथे जिथे ओढ्याचं पाणी होतं तिथे तिचा वेग आपोआप कमी व्हायचा. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये लावली, किल्ली काढली, हेल्मेट काढलं. वॉचमन नागप्पा पाइप घेऊन फरशी धूत होता. तो देगलूरकडचा, कमी बोलणारा माणूस.

झाकणाच्या आतून आवाज येत होता. काहीतरी ओलं, सावकाश, डावीकडून उजवीकडे दळल्यासारखं. मग गिळल्याचा आवाज. मग थोडं थांबून पुन्हा दळणं.

नागप्पाने पाण्याचा पाइप बंद केला.

"इंजिन थंड होताना धातू वाजतो," मी त्याला सांगितलं.

"हाव मॅडम," तो अदबीने म्हणाला. आणि स्कूटरच्या डावीकडे उभी असलेली कुणाचीतरी मोटरसायकल ढकलत लांब नेऊन लावली. का, ते मी विचारलं नाही. मला गाढ झोप लागली.

सकाळी पुन्हा हरिओमचा फोन.

"मॅडम, चार नंबर शेडमध्ये नाही."

"चोरी! पोलिसांत जा."

"गाडीला बांधलेली साखळी तुटलीय. टायरचे वण रस्त्यापर्यंत आहेत. तिथून नांदेडच्या बाजूला वळलेत."

"मग चालवत नेली कुणीतरी. पेट्रोल किती होतं, त्यावरून कुठवर गेली ते निघेल."

"पेट्रोल मी काल संध्याकाळीच काढून ठेवलं होतं मॅडम. गाडी लावताना टाकी रिकामी करायची, तुम्हीच शिकवलं होतं."

"दादा कसे आहेत?" मी विचारलं. "जेवले का?"

"दादा एकदम मजेत. सकाळीच न्याहारी झाली. म्हणाले, फिकीर करू नको, तो बाईंकडं गेला. आणि तुम्हाला निरोप दिलाय, की दमून आला असंल, त्याला पाणी दाखवा."

फोन ठेवला. स्कूटरवर कालची धूळ होती आणि ती धुवायची होतीच. त्यासाठी मी एक बादली भरून घेतली आणि जिना उतरले.

नागप्पा शेवटच्या पायरीवर पार्किंगकडे पाठ करून उभा होता. त्याने माझ्या हातातल्या बादलीकडे पाहिलं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "अजून एक आणा."